ओळख कोणत्या दारावर अडली? सी-अर्चिनच्या शुक्राणू आणि अंड्यांवरचा प्रयोग, पायरी-पायरीने

बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या अनेकांना फर्टिलायझिन आणि अँटिफर्टिलायझिन ही जोडी आठवत असेल. अंड्यावर कुलूप, शुक्राणूवर किल्ली, आणि आकृतीत दोन्ही एकमेकांत नेमकी बसलेली. अमेरिकेतल्या वुड्स होल इथे फ्रँक लिली यांनी १९१२-१३ च्या सुमारास ही कल्पना मांडली. अंडी ज्या पाण्यात ठेवली होती तेच पाणी शुक्राणूंवर टाकलं की शुक्राणूंचे गोळे होतात, हे त्यांनी पाहिलं होतं. निरीक्षण पक्कं होतं. पण आपली जात ओळखण्याचं काम एकाच कुलपावर चालत नाही, हे पुढच्या शंभर वर्षांत उलगडत गेलं. शुक्राणूला एकामागून एक दारं ओलांडावी लागतात, आणि प्रत्येक दाराची भाषा वेगळी असते.

म्हणून हा प्रयोग करताना ‘परक्या जातीच्या शुक्राणूंनी फलन झालं नाही’ असं वहीत लिहून थांबू नका. ते अर्धंच उत्तर आहे. शुक्राणू कोणत्या दारावर अडला, हे शोधण्यासाठी हा लेख आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या एखाद्या सागरी प्रयोगशाळेत शिकायला किंवा कामाला गेलेला विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून मी तो लिहितोय. मात्र तर्क कुठल्याही सी-अर्चिनला (गोल, काटेरी समुद्री प्राण्याला) लागू पडतो.

आधी दारं समजून घ्या

सी-अर्चिनचे नर आणि मादी एकमेकांना भेटत नाहीत. दोघंही आपापलं बीज समुद्रात सोडून देतात. त्याच पाण्यात इतर जातींचंही बीज तरंगत असतं. नराच्या शरीरात शुक्राणू निपचित असतात, कारण तिथे कार्बन डायऑक्साईड जास्त आणि पीएच कमी असतो. पाण्यात पडल्यावर शुक्राणूच्या आतला पीएच सुमारे ७.२ वरून ७.६ कडे चढतो, शेपटीतलं डायनीन हे प्रथिन जागं होतं आणि पोहणं सुरू होतं. ही जाग कुठल्याही समुद्राच्या पाण्यात येते. ओळखीचा त्यात काही भाग नाही.

पहिलं दार हाकेचं. अंड्याभोवतीच्या जेलीतून छोटे पेप्टाईड रेणू पाण्यात झिरपतात. जांभळ्या सी-अर्चिनचा, म्हणजे स्ट्राँगायलोसेंट्रोटस पर्प्युरेटसचा, रेणू म्हणजे स्पेरॅक्ट. त्यात १० अमिनो आम्लं. अटलांटिकमधल्या अर्बेशिया पंक्ट्युलाटा या सी-अर्चिनचा रेसॅक्ट १४ अमिनो आम्लांचा. रेसॅक्टला जांभळ्याचे शुक्राणू दाद देत नाहीत आणि स्पेरॅक्टला अर्बेशियाचे. रेणू शेपटीवरच्या ग्राहीला चिकटला की पेशीत सायक्लिक जीएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, आणि मग कॅल्शियम झटक्याझटक्याने आत येतं. प्रत्येक झटक्याला शेपटीचा बाक बदलतो आणि शुक्राणू वळण घेतो. अर्बेशियाचे शुक्राणू अशी वळणं घेत रेसॅक्टच्या उगमाकडे पोहत जातात.

दुसरं दार जेलीचं. जेलीत सल्फेट जोडलेल्या शर्करांच्या लांब साखळ्या असतात. पुष्कळ जातींत ही शर्करा फ्यूकोज असते. सल्फेट नेमकं कुठे जोडलंय आणि साखळीतले दुवे कसे गुंफलेत, हे जातीजातीत बदलतं. योग्य साखळी भेटली की शुक्राणूच्या टोकावरची पिशवी फुटते. हीच अ‍ॅक्रोसोम प्रतिक्रिया. जीन डॅन यांनी १९५२ मध्ये जपानमध्ये काम करताना तिचं वर्णन केलं. पिशवी फुटताना मागे ॲक्टिनचे धागे उभे राहतात आणि सुमारे एक मायक्रोमीटर लांबीचं बोट पुढे येतं. हे दार सगळीकडे सारखं कडक नसतं. काही जोड्यांत परकी जेली चालून जाते, काहींत मुळीच चालत नाही, आणि काहींत ‘अ’ला ‘ब’ची चालते पण ‘ब’ला ‘अ’ची नाही.

तिसरं दार स्पर्शाचं. त्या बोटावर बाइंडिन नावाच्या प्रथिनाचा लेप असतो. १९७७ मध्ये व्हिक्टर व्हॅक्विअर आणि गॅरी मॉय यांनी ते जांभळ्या सी-अर्चिनच्या शुक्राणूंतून वेगळं काढलं. अंड्याच्या बाजूला, जेलीच्या आतल्या पातळ व्हिटेलाइन थरावर, त्याचा जोडीदार बसलेला असतो: ईबीआर-१ नावाचं अवाढव्य ग्लायकोप्रोटीन. कामेई आणि ग्लेब यांनी २००३ मध्ये त्याचा जातिविशिष्ट ग्राही म्हणून उलगडा केला.

बाइंडिनची रचना मला फार बोलकी वाटते. मधला भाग जातीजातींत जवळपास तसाच राहिलाय आणि दोन्ही बाजूंचे भाग बदलत गेलेत. शुक्राणू आणि अंड्याची पेशीपटलं एकजीव करण्याचं काम मधल्या भागाशी जोडलं जातं, तर ‘तू कोण’ हा प्रश्न कडेचे भाग सोडवतात. एकाच पाण्यात अनेक जवळच्या जाती नांदणाऱ्या एकिनोमेट्रासारख्या प्रजातीत हे कडेचे भाग भराभर बदललेले दिसतात. अर्बेशियात मात्र हा वेग आढळत नाही.

शेवटचं दार पटलांच्या मिलनाचं. ते ओलांडलं की अंडं बाकी सगळ्यांसाठी बंद होतं. काही सेकंदांत पटलाचा विद्युतदाब सुमारे उणे ७० मिलिव्होल्टवरून अधिक २० च्या आसपास जातो. मग शुक्राणू शिरलेल्या जागेपासून कॅल्शियमची लाट अंडंभर पसरते, पृष्ठभागाखालच्या सुमारे १५,००० कणिका फुटतात आणि व्हिटेलाइन थर वर उचलला जाऊन फलन आवरण बनतं. मिनिटभरात अंड्याभोवती स्पष्ट कडं दिसतं. तुमची मोजणी या कड्यावरच उभी राहणार आहे.

जोडी कोणती घ्यायची

जांभळा सी-अर्चिन आणि लाल सी-अर्चिन, म्हणजे मेसोसेंट्रोटस फ्रान्सिस्कॅनस. दोघंही अलास्कापासून बाहा कॅलिफोर्नियापर्यंत, बऱ्याचदा केल्पच्या (मोठ्या समुद्री शेवाळाच्या) एकाच रानात राहतात. जांभळ्याची अंडी सुमारे ८० मायक्रोमीटरची, लालची सुमारे १३०. या फरकाचा मोठा फायदा आहे, तो पुढे सांगतो. जांभळा हिवाळ्यात, साधारण डिसेंबर ते मार्च, भरलेला असतो. लालचा काळ वसंताकडे सरकतो. दोघं एकाच वेळी पिकलेले मिळतील असा आठवडा प्राणी सांभाळणाऱ्या माणसाला विचारून ठरवा. कॅलेंडरपेक्षा त्याचा अंदाज खरा ठरतो.

बीज मिळवणं

०.५ मोलर पोटॅशियम क्लोराईड तयार ठेवा (लिटरभर ऊर्ध्वपातित पाण्यात ३७.३ ग्रॅम). प्राणी उलटा धरला की मधोमध पाच दातांचं तोंड दिसतं. त्या जबड्याच्या सांगाड्याला ‘अ‍ॅरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात. कंदिलाभोवतीच्या मऊ कातडीतून सुई आत घाला, टोक बाहेरच्या बाजूला तिरपं ठेवा आणि जांभळ्यासाठी अर्धा ते एक मिलिलिटर द्रावण दोन-तीन ठिकाणी वाटून द्या. मग प्राणी हलकेच हलवा. पूर्ण पिकलेला प्राणी कधीकधी नुसत्या हलवण्यानेही बीज सोडतो, म्हणून आधी तेच करून पाहा. द्रावण जितकं कमी, तितका प्राणी सावरण्याचा संभव जास्त.

बीज वरच्या बाजूच्या पाच छिद्रांतून येतं. दुधासारखं पांढरं आलं तर नर, पिवळसर-नारिंगी दाणेदार आलं तर मादी. मादीला गार, गाळलेल्या समुद्री पाण्याने काठोकाठ भरलेल्या बीकरवर उलटी ठेवा. अंडी आपोआप तळाशी जातात. नराचं वीर्य मात्र पाण्यात पडू देऊ नका. पिपेटने थेट छिद्रांवरून उचला आणि लहान नळीत भरून बर्फावर ठेवा. असं ‘कोरडं’ वीर्य दिवसभर टिकतं. पातळ केलेलं मात्र काही मिनिटांतच दम गमावू लागतं. पातळ केल्यावर शुक्राणूंचा श्वसनाचा वेग वाढतो आणि आयुष्य घटतं, हे जेम्स ग्रे यांनी १९२८ मध्येच दाखवलं होतं. म्हणून वीर्य पातळ करायचं ते अंडी समोर तयार असतानाच.

अंडी जाळीतून एकदा गाळा म्हणजे तुटके काटे आणि विष्ठा निघून जाईल. मग दोन-तीनदा पाणी बदला. सगळं १२ ते १५ अंश सेल्सिअसला.

इथेच एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. चांगलं अंडं गोल, एकसारखं आणि छोट्या फिकट केंद्रकाचं असतं. सी-अर्चिनचं अंडं बाहेर पडण्याआधीच अर्धसूत्री विभाजन पूर्ण करतं. मोठं, फुग्यासारखं केंद्रक दिसलं तर ती कच्ची अंडपेशी, तिची गणना करायची नाही. कच्च्यांचं प्रमाण फार असेल तर ती मादी सोडून द्या. वाईट अंड्यांवर केलेला प्रयोग नंतर कुठल्याही गणिताने सुधारत नाही.

स्वच्छतेचा आग्रह

एका मिलिलिटर कोरड्या वीर्यात हजार कोटींहून अधिक शुक्राणू असतात. पिपेटच्या टोकाला राहिलेला डोळ्यांना न दिसणारा अंश एक आख्खी थाळी फलित करू शकतो. मी शिकत असताना आमच्या एका संकरात तब्बल चार टक्के अंड्यांवर कडं उभं राहिलं. आम्ही आनंदाने आकडा लिहिला. नंतर शुक्राणू न टाकलेली नियंत्रण थाळी पाहिली, तर तिच्यातही तेवढंच. नर आणि मादी एकाच हातमोज्यांनी हाताळले गेले होते. दोन दिवसांचं काम टाकून द्यावं लागलं.

तेव्हा नर-मादीसाठी आणि जातीजातीसाठी वेगळे हातमोजे, वेगळ्या पिपेट, वेगळे बीकर. हाताला गोडं पाणी लावा. शुक्राणू त्यात मरतात. प्रत्येक मादीची, शुक्राणू न टाकलेली, एक थाळी शेवटपर्यंत जवळ ठेवा. तिच्यात एकाही अंड्यावर कडं दिसलं तर त्या दिवशीचे त्या मादीचे आकडे वापरू नका.

मुख्य प्रयोग: शुक्राणूंची शिडी

एकाच प्रमाणात शुक्राणू टाकून स्वजातीय आणि परजातीय संकर ताडून पाहणं ही नेहमीची चूक आहे. शुक्राणू खूप जास्त असतील तर परकेही घुसतात, आणि खूप कमी असतील तर आपलेही पोचत नाहीत. दोन्ही टोकांना फरक पुसला जातो. म्हणून शिडी लावा.

१० मायक्रोलिटर कोरडं वीर्य १० मिलिलिटर पाण्यात घ्या, म्हणजे हजारपट पातळ झालं. त्यातून दर वेळी दहापट पातळ करत चार-पाच पायऱ्या करा. प्रत्येक थाळीत ५ मिलिलिटर पाणी आणि तळावर एक विरळ थर होईल इतकीच अंडी. गर्दी केलीत तर अंडीच शुक्राणू संपवतात आणि गणित चुकतं. प्रत्येक थाळीत त्या त्या पायरीचे ५० मायक्रोलिटर टाका, हलकेच फिरवा, वेळ लिहा. परजातीय संकरासाठी शिडी वरच्या बाजूला आणखी दोन पायऱ्या वाढवा.

चार थाळ्यांचा संच होतो: जांभळी अंडी-जांभळे शुक्राणू, लाल-लाल, जांभळी अंडी-लाल शुक्राणू, आणि त्याउलट. दोन्ही उलट-सुलट संकर कराच. ओळख बहुधा एकतर्फी असते, आणि एकच दिशा तपासणाऱ्याला ती कधीच कळत नाही.

दहा मिनिटांनी प्रत्येक थाळीतली किमान २०० अंडी मोजा. किती अंड्यांभोवती पूर्ण कडं आहे? आलेखाच्या आडव्या अक्षावर शुक्राणूंची संख्या लॉग प्रमाणात, उभ्या अक्षावर टक्के. ५० टक्के अंडी फलित व्हायला किती शुक्राणू लागले, हा तुमचा आकडा. परक्यांसाठी तो किती पट आहे, हे ओळखीच्या कडकपणाचं माप. या जोडीत परके शुक्राणू आपल्यांच्या तुलनेत प्रचंड प्रमाणात ओतावे लागतात, आणि तरीही वक्र शंभरापर्यंत चढेलच असं नाही.

आता अंड्यांच्या आकाराचा फायदा. एकाच थाळीत दोन्ही जातींची अंडी मिसळा आणि एकाच जातीचे शुक्राणू टाका. लहान कोण, मोठं कोण हे नजरेला लगेच कळतं, त्यामुळे मोजताना गोंधळ होत नाही. दोन्ही अंड्यांना तेच पाणी, तेच शुक्राणू आणि तोच क्षण मिळालेला असतो. ‘परक्या थाळीतले शुक्राणूच मेलेले असतील’ ही शंका एका फटक्यात मिटते. माझ्या मते संपूर्ण प्रयोगातली ही सर्वांत प्रामाणिक थाळी आहे.

जांभळ्याचं पहिलं विभाजन १५ अंशांना साधारण दीड-दोन तासांत होतं. तेव्हा पुन्हा मोजा. कडं उभं राहिलं पण अंडं एकदम तीन-चार वेड्यावाकड्या भागांत फुटलं, तर एकाहून अधिक शुक्राणू शिरलेत आणि तुमची शिडी वरच्या पायऱ्यांवर फार दाट आहे. थिओडोर बोव्हेरी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशीच दोन शुक्राणू शिरलेली अंडी मुद्दाम वापरली आणि प्रत्येक गुणसूत्राचं काम वेगळं असतं हे दाखवलं. तुमच्या मोजणीत मात्र ती त्रुटीच.

अडलं कुठे, ते शोधणं

समजा, जांभळ्या अंड्यांवर लाल शुक्राणू अपयशी ठरले. आता एकेक दार क्रमाने तपासायचं.

आधी जेलीचं पाणी तयार करा. जांभळी अंडी पीएच ५ केलेल्या समुद्री पाण्यात एक-दोन मिनिटं फिरवा. जेली सुटते. अंडी बसू द्या, वरचं पाणी काढा, त्याचा पीएच परत ८ वर आणा आणि अपकेंद्री यंत्रात फिरवून कचरा काढा. खाली राहिलेली अंडी लगेच साध्या समुद्री पाण्यात धुऊन घ्या. जेली खरंच गेली का? थोडी काळी चित्रकलेची शाई थाळीत टाका. जेली असेल तर अंड्याभोवती शाई न शिरलेलं पारदर्शक वलय दिसतं. जेली गेलेली अंडी एकमेकांना टेकून बसतात.

लाल शुक्राणूंचा थेंब या जांभळ्या जेलीच्या पाण्यात टाका, काही सेकंदांनी पॅराफॉर्मल्डिहाइडने जागच्या जागी थांबवा आणि ॲक्टिनला चिकटणाऱ्या चकाकत्या फॅलॉइडिनने रंगवा. ज्यांची प्रतिक्रिया झाली त्यांच्या टोकाला छोटं चमकतं बोट दिसेल. जोडीला दोन नळ्या हव्यातच: लाल शुक्राणू आणि लाल जेली, आणि लाल शुक्राणू व नुसतं पाणी. नुसत्या पाण्यात काही शुक्राणू आपोआप फुटतात. ती संख्या वजा केल्याशिवाय उरलेल्या आकड्यांना अर्थ नाही.

बोट आलंच नाही तर दुसरं दार बंद. मग ते वळसा घालून ओलांडा: लाल शुक्राणूंना त्यांच्याच जेलीच्या पाण्यात प्रतिक्रिया करू द्या आणि लगेच जेली काढलेल्या जांभळ्या अंड्यांवर टाका. लगेच म्हणजे खरोखर लगेच, मिनिटाच्या आत. प्रतिक्रिया झालेला शुक्राणू फार थांबत नाही. आता फलन झालं, तर अडथळा जेलीतच होता. तरीही झालं नाही, तर संशय तिसऱ्या दारावर.

तिसऱ्या दारासाठी चिकटलेले शुक्राणू मोजायचे. शुक्राणू टाकल्यावर सुमारे २५ सेकंदांनी सौम्य ग्लुटाराल्डिहाइडने सगळं स्थिर करा. वेळ महत्त्वाची. स्वजातीय फलनात कणिकांतून सुटलेली विकरं जादा शुक्राणूंना अंड्यावरून सोडवून टाकतात, म्हणून अर्ध्या मिनिटानंतर चिकटलेल्यांचा आकडा घसरतो. परक्या थाळीत असं काही घडत नसल्याने तिथे उशिरा मोजलं तर परके उगाच जास्त भासतील. दोन्हीकडे घड्याळ तेच ठेवा. अंडी दोनदा बसवून पोहणारे शुक्राणू काढून टाका आणि अंड्याच्या कडेवर चिकटलेले मोजा.

बोट आहे, पण चिकटलेलं कुणी नाही, असं चित्र आलं तर बाइंडिन आणि ईबीआर-१ यांचं जमलेलं नाही. याच जोडीवर काम करताना ग्लेब आणि व्हॅक्विअर यांनी शुक्राणूंतून काढलेले बाइंडिनचे कणच अंड्यांवर टाकले. ते कण आपल्या जातीच्या अंड्यांना एकमेकांशी चिकटवून गोळे करतात, परक्यांना बहुतांशी सोडून देतात. शुक्राणूचं पोहणं, जेली, वेळ हे सगळं बाजूला काढून उरलेला हा निव्वळ स्पर्शाचा पुरावा आहे.

चिकटलेत पण कडं नाही, असं क्वचित दिसलं तर शेवटचं दार पाहा. अंडी आधी होएख्स्ट ३३३४२ या डीएनएला चिकटणाऱ्या रंगात ठेवा आणि नीट धुवा. शुक्राणूचं पटल अंड्याशी एकजीव झालं तर रंग अंड्यातून शुक्राणूच्या केंद्रकात जातो आणि ते चमकतं. नुसता बाहेर चिकटलेला शुक्राणू अंधारातच राहतो. धुण्यात कुचराई केली तर पाण्यात राहिलेला रंग सगळ्यांनाच उजळवेल.

वही कशी ठेवायची

‘फलन नाही’ हा एक रकाना काढून टाका. त्याऐवजी प्रत्येक संकरासमोर चार रकाने आखा: पोहतात का, बोट आलं का, चिकटले का, एकजीव झाले का. प्रत्येक रकान्यात स्वजातीय नियंत्रणाचा आकडा शेजारी हवा. नर आणि मादी प्रत्येकी किमान तीन वेगवेगळे घ्या आणि त्यांची सरमिसळ न करता वेगळे नोंदवा. एकाच जातीतही नरानराचं बाइंडिन थोडं वेगळं असतं आणि त्यानुसार कोणाचे शुक्राणू कोणाच्या अंड्यांशी जास्त जुळतात हे बदलतं. सगळ्यांचं वीर्य एकत्र केलंत तर हा फरक हरवतो.

काम संपल्यावर

इंजेक्शन दिलेले प्राणी लगेच सामायिक टाकीत सोडू नका. ते आणखी काही वेळ बीज सोडत राहतात आणि पाण्यातल्या त्या बीजामुळे शेजारचेही सोडायला लागू शकतात. उद्याच्या प्रयोगाचे प्राणी आज रात्रीच रिकामे होतील. नर-मादी वेगळ्या वाहत्या पाण्याच्या टाक्यांत दिवसभर ठेवा. काटे ताठ आणि नळीपाय चिकटलेले दिसले की मगच परत न्या. उरलेली अंडी, वीर्य आणि संकर भ्रूण गोड्या पाण्याच्या बादलीत ओता, निदान अर्धा तास तसेच राहू द्या, आणि मगच मोरीत सोडा. स्थिर केलेले नमुने त्या बादलीत जात नाहीत. ग्लुटाराल्डिहाइड आणि पॅराफॉर्मल्डिहाइडसाठी वेगळी बंद बाटली असते.